उंसाचा करार

शिर्डीच्या आसमंतांतील अवर्षणाच्या मुलखांत ऊंस आला तो पाटाच्या पाण्याबरोबर. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत गोदावरीचे आणि प्रवरेचे कालवे वाहूं लागले व त्यांच्या मागोमाग साखरेच्या कंपन्या आल्या. बेलापूर कंपनीनें शेतकऱ्यांच्या जमिनी खंडानें घेतल्या. ‘खंडकरी’ हा शब्द नगर जिल्ह्यांत अद्यापि जिवंत आहे. खंडाच्या करारांत रक्कम ठरलेली असते. पीक दुप्पट आलें तरी जमीनधन्याच्या पदरांत खंडापलीकडे कांहीं पडत नाहीं, आणि म्हणून पिकाची चिंता वाहण्याचें त्याला कारणहि उरत नाहीं.

स्वतः ऊंस लावणाऱ्याची अडचण निराळीच. तोडलेल्या उंसांतील साखर झपाट्यानें घटते; तो फार लांब नेतां येत नाहीं. जवळ एकच कारखाना असेल, तर भाव कोण सांगणार हें उघड आहे. लागवडीचा खर्च आधीं होऊन चुकतो आणि सौदा मागाहून ठरतो! ही भीति घालविण्याचा एक मार्ग म्हणजे कारखानाच ऊंसवाल्यांनीं काढणें. शिर्डीपासून थोड्याच कोसांवर, लोणीस, विठ्ठलराव विखे पाटलांनीं अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगिळांच्या साहाय्यानें तोच मार्ग धरला. सहकारी कारखान्याची नोंदणी १९४८ सालीं झाली. पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा.

सभासद एका एकराचा असो वा मोठा बागाइतदार, मत एकच आणि टनाचा भावहि सर्वांना एकच, ही रीति पुढें महाराष्ट्रभर रूढ झाली. रीति न्यायाची खरीच. परंतु गणितानें तींतील एक फट दाखविली. अभिजित बॅनर्जी, दिलीप मुखर्जी, कैवान मुन्शी आणि देवराज रे ह्यांचा निबंध २००१ सालीं प्रसिद्ध झाला. (बॅनर्जींना २०१९ चें नोबेल पारितोषिक मिळालें, तें मात्र अन्य कार्याबद्दल.) त्यांच्या विचाराचा गाभा साध्या आंकड्यांनीं सांगतां येतो. समजा, कारखान्याकडे दहा हजार टन ऊंस येतो. त्यांतील एक हजार टन मूठभर बड्या बागाइतदारांचा. भाव टनामागें दहा रुपयांनीं कमी ठेविला, तर त्यांचे स्वतःचे दहा हजार जातात. पण कारखान्याच्या गंगाजळींत लाख रुपये राहतात. त्या गंगाजळीवर त्यांचाच वरचष्मा असेल, तर कमी भाव हाच त्यांच्या हिताचा! सर्वच सभासद बडे असले तर कमी भावाची झळ त्यांनाच बसते. सर्वच लहान असले तर वरचष्मा कोणाचाच नसतो. भाव दबतो तो दोघे एकत्र नांदतात तेथें. महाराष्ट्रांतील सुमारें शंभर सहकारी कारखान्यांच्या १९७१ ते १९९३ ह्या काळांतील आंकड्यांनीं हें अनुमान पडताळलें गेलें.

मत एकच असतां बड्यांचा वरचष्मा होतोच कसा? निबंधांत तो गृहीतच धरलेला आहे. शिवारांत पाहिलें म्हणजे एक कारण दिसतें. कोणाचा ऊंस केव्हां तोडावयाचा हें कारखाना ठरवितो. तोड लांबली तर उभा ऊंस वाळतो, वजन घटतें, पुढलें पीक हुकतें. बागाइतदाराला तें सोसतें. एका एकराचा धनी सभेंत हात वर करतो, तेव्हां त्याच्या डोळ्यांपुढें तोडीची यादी असते.