पाच कोटी डॉलरची ड्रॉइंग्ज

२० एप्रिल २०२१. भारतात रात्रीचे साडेदहा वाजलेत. तैवानच्या ताओयुआनमध्ये मात्र एक वाजून गेलाय, तारीख २१ लागलीये. तुम्ही बसला आहात क्वांटा कॉम्प्युटरच्या एका अधिकाऱ्याच्या खुर्चीत. हे नाव लॅपटॉपच्या झाकणावर कधी दिसत नाही, पण अ‍ॅपल, डेल, एचपी अशी बडी गिऱ्हाइकं याच कंपनीकडून माल बनवून घेतात.

समोर दोन स्क्रीन. एकीवर टिम कुक नवा माल दाखवायला उभे राहिलेत. दुसरीवर आर-इव्हिल या रशियन भाषिक टोळीचं डार्क वेबवरचं पान उघडलंय. त्यावर तुमच्या कंपनीतून चोरलेलं एक ड्रॉइंग चढलंय, ते तुम्ही मोठं करून बघता. मॅकबुकचं आहे. कडेला एचडीएमआय पोर्ट, एसडी कार्डाची खाच, चुंबकाने चिकटणारा चार्जर. आज दुकानात मिळणाऱ्या मॅकबुक प्रोला यातलं काहीच नाही. कागदावर सूचना छापली आहे: ही अ‍ॅपलची मालमत्ता आहे, ती परत केलीच पाहिजे.

टोळीची मागणी ५ कोटी डॉलर. मुदत २७ एप्रिल. ती टळली तर रक्कम दुप्पट. तुमच्या कंपनीने दाद दिली नाही, म्हणून मोर्चा गिऱ्हाइकाकडे वळलाय: अ‍ॅपलने १ मेपर्यंत आपला माल विकत घ्यावा, नाहीतर रोज नवी ड्रॉइंग्ज बाहेर येतील. आजच्या कार्यक्रमाचा मुहूर्तही त्यांनी मुद्दाम साधलाय.

‘बॅकअप आहे ना?’ असं विचारावंसं वाटेल. आहे, पण त्याचा इथे उपयोग काय? पूर्वी अशा खंडणीखोर टोळ्या फायलींना कुलूप ठोकून किल्लीचे पैसे मागत. बॅकअप असला की कंपनी सुटायची. २०१९ च्या अखेरीस मेझ नावाच्या टोळीने नवी रीत पाडली: आधी डेटा पळवायचा, मग कुलूप लावायचं, पैसे नाही दिले तर सगळं चव्हाट्यावर मांडायचं. क्वांटा सांगते, थोड्याच सर्व्हरना धक्का लागलाय, कामकाजावर मोठा परिणाम नाही. खरंही असेल. कारखाना चालू आहे, गिऱ्हाइकाचं गुपित मात्र बाहेर पडलंय.

आता थोडं पुढे चला. काही दिवसांतच ती ड्रॉइंग्ज टोळीच्या पानावरून गायब होतात. १८ ऑक्टोबर २०२१ ला अ‍ॅपल नवे मॅकबुक प्रो जाहीर करतं: एचडीएमआय आहे, एसडी कार्डाची खाच आहे, चुंबकी चार्जर आहे. चोरांचा माल अस्सल होता. जानेवारी २०२२ मध्ये रशियाची सुरक्षा यंत्रणा एफएसबी आर-इव्हिल टोळीतल्या काहींना पकडते. तोवर डेटा पळवून धमकावण्याची ही रीत इतर टोळ्यांनीही उचललेली असते.

आता आपल्या काळात या. तुमचं चाकणला, भोसरीला किंवा वाळूजला वर्कशॉप असेल, तर तुमच्या कॉम्प्युटरवरही कुणा मोठ्या कंपनीची ड्रॉइंग्ज असतील. पाच वर्षांपूर्वी संपलेल्या जॉबचीसुद्धा. बॅकअप घ्याच, पण जॉब संपला की गिऱ्हाइकाला विचारून त्याच्या फायली काढूनही टाका. जे तुमच्याकडे नाही, त्यावर कुणी खंडणी मागू शकत नाही.