पांडववाडा (जामा मशीद), एरंडोल

जळगाव जिल्ह्यातील एरंडोल या तालुक्याच्या गावी असलेली जुनी दगडी वास्तू. ती मशीद म्हणून वापरात आहे. 2023 पासून तिच्या स्वरूपावरून व ताब्यावरून उघडा वाद सुरू झाला. जिल्हा प्रशासन, नगर परिषद, मशिदीचा ट्रस्ट आणि पांडववाडा संघर्ष समिती हे त्यातील प्रमुख पक्ष.

आख्यायिका : अंजनी नदीकाठचे एरंडोल म्हणजेच महाभारतातील एकचक्रानगरी, अशी खानदेशात जुनी समजूत आहे. लाक्षागृहातून निसटल्यावर पांडव ज्या ब्राह्मणाच्या घरी राहिले ते घर म्हणजे हा वाडा, आणि भीमाने बकासुराला मारले ते जवळच्या पद्मालयाच्या परिसरात, असे सांगतात. एकचक्रा बिहारात आरा येथे आणि बंगालमध्ये बीरभूम जिल्ह्यातही दाखवतात. तेव्हा आख्यायिकेवरून वास्तूचा काळ ठरवता येत नाही. गावाला मात्र तिचा अभिमान आहे.

वास्तू : दगडी आवार, काही भागांत कोरीव काम.

वाद : वास्तूची घडण देवळाची आहे, तिच्यावर अतिक्रमण झाले आहे, अशी तक्रार समितीने जिल्हाधिकाऱ्यांकडे केली. मशिदीची कागदपत्रे 1861 पासूनची आहेत आणि नमाज अखंड चालू आहे, असे ट्रस्टचे म्हणणे. 11 जुलै 2023 रोजी जिल्हाधिकाऱ्यांनी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 144 व्या कलमाखाली अंतरिम आदेश काढला. त्यानुसार सामुदायिक नमाजाला मनाई झाली आणि मशिदीचा ताबा तहसीलदारांकडे गेला.

हा आदेश जरा बारकाईने पाहण्यासारखा आहे. 144 चे कलम (ही संहिता 2024 पर्यंत लागू होती) मुळात दंगलीचा धोका टाळण्यासाठी होते आणि त्याखालचा आदेश सर्वसाधारणपणे दोन महिन्यांपलीकडे टिकत नसे. गावच्या जत्रेत, मोर्चात, मिरवणुकीत ते नेहमी लागे. मालकीचा किंवा धार्मिक स्वरूपाचा निवाडा करण्याचे ते साधन नव्हते. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने 18 जुलैला आदेशाला स्थगिती दिली ती याच मुद्द्याच्या आसपास : शांतताभंग संभवतो अशी खात्री झाल्याचे आदेशात नोंदलेले दिसत नाही, असे न्यायालयाचे प्रथमदर्शनी मत पडले. ताबा पुन्हा ट्रस्टकडे आला.

पुढचा टप्पा किल्लीचा. एप्रिल 2024 मध्ये उच्च न्यायालयाने ट्रस्टला प्रवेशद्वाराच्या किल्ल्या नगर परिषदेला परत करायला सांगितले. ट्रस्ट सर्वोच्च न्यायालयात गेला. न्या. सूर्य कान्त व न्या. के. व्ही. विश्वनाथन यांच्या खंडपीठाने त्याच महिन्यात मधला मार्ग काढला. संपूर्ण आवाराच्या मुख्य दरवाजाची किल्ली नगर परिषदेकडे राहील. परिषदेने नेमलेला अधिकारी पहाटेच्या नमाजाआधी दरवाजा उघडील आणि दिवसाच्या सर्व नमाजा होईपर्यंत तो उघडा ठेवील. मशिदीचा भाग मात्र पुढील आदेशापर्यंत वक्फ मंडळ अथवा ट्रस्ट यांच्याच ताब्यात. आवारातील देवळे व इतर स्मारके पाहायला कोणत्याही धर्माच्या माणसाला मज्जाव नसावा, असेही ठरले. म्हणजे पहाटेच्या नमाजाची वेळ सांभाळण्याचे काम नगर परिषदेच्या कामकाजात आले. भारतीय धर्मनिरपेक्षतेची व्याख्या शोधणाऱ्याने ही तरतूद जरूर वाचावी.

कायदेशीर दर्जा : खरा गुंता सरकारच्याच दप्तरांत आहे. ट्रस्टच्याच याचिकेप्रमाणे राज्य शासनाने ही वास्तू प्राचीन स्मारक म्हणून जाहीर केलेली आहे, आणि वक्फ मंडळ तिच्यावर वक्फ म्हणून हक्क सांगते. एकाच भिंतीवर पुरातत्त्व, वक्फ, महसूल आणि नगर परिषद अशा चार कचेऱ्यांची नजर. 1991 च्या प्रार्थनास्थळ कायद्याने 15 ऑगस्ट 1947 रोजीचे धार्मिक स्वरूप कायम राखले आहे. पण त्याच कायद्याच्या चौथ्या कलमात प्राचीन स्मारकांना, 1958 च्या केंद्रीय कायद्याखालील असोत की अन्य कायद्याखालील, सूट आहे. राज्याचे स्मारक या सुटीत किती बसते, यावर मतभेद संभवतात. 12 डिसेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशभर अशा स्वरूपाचे नवे दावे नोंदवण्यास व सर्वेक्षणांचे आदेश देण्यास मनाई केली, त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर तूर्त लांबले आहे.

परिसरातील इतर प्रसंग : एरंडोलचा वाद मुख्यतः कागदावर लढला गेला, हे त्याचे वेगळेपण. खानदेशात एरवी ठिणगी पडते ती बहुधा रस्त्यावर. धुळ्यात 1895 मध्ये गणपतीच्या मिरवणुकीवरून दंगल झाली, गोळीबार झाला. तेथील मशीद व गणपती दोन्हींना 'खुनी' हे विशेषण तेव्हापासून चिकटले. नाव भयंकर राहिले, रीत मात्र पालटली : अनंत चतुर्दशीला मशिदीपुढे आलेल्या पालखीचे स्वागत आता मुस्लिम मंडळी फुलांनी करतात. जळगावची 8 मे 1970 ची दंगल सर्वांत भीषण. न्या. डी. पी. मादोन यांच्या चौकशी आयोगाने भिवंडी व महाडबरोबर तिचीही चौकशी केली. जळगावच्या 43 मृतांपैकी 42 मुसलमान होते. एरंडोलच्याच वाटेवरच्या पाळधी (ता. धरणगाव) येथे मार्च 2023 मध्ये मशिदीवरून वाजतगाजत जाणाऱ्या दिंडीच्या निमित्ताने दगडफेक झाली, ती पांडववाड्याच्या आदेशाच्या साडेतीन महिने आधी.