सावित्रीमाईंचा प्लेग आणि आपल्या वस्तीतले मृत

दरवर्षी १० मार्चला आम्ही औरंगपुऱ्यातील महात्मा फुले चौकात जमतो. जोतिराव आणि सावित्रीमाईंच्या पुतळ्यांना हार घालतो, घोषणा देतो, भाषणे होतात. पहिली शाळा, अंगावर फेकलेले शेण, बालहत्या प्रतिबंधक गृह, सत्यशोधक विवाह हे सगळे सांगून होते. माईंच्या मृत्यूला मात्र एकच वाक्य मिळते : 'प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्यांना मरण आले.' मग सभा संपते.

अशीच एक सभा संपवून मंडईच्या बाजूने परत निघालो असताना आमच्यातल्या एका तरुण कार्यकर्तीने विचारले, "माई प्लेगने गेल्या हे सव्वाशे वर्षांनंतरही आपल्याला माहीत आहे. मग कोरोनात आपल्या वस्तीतले किती जण गेले, हे आपल्यापैकी कोणी सांगू शकेल का?"

आम्ही चहाच्या टपरीवर उभे राहून मोजायला लागलो. कोणी सात म्हणाले, कोणी अकरा. भाजीची गाडी लावणारे एक काका दोनदा मोजले गेले, एकदा त्यांच्या नावाने आणि एकदा 'अमक्याचे सासरे' म्हणून. झाडकामाला जाणाऱ्या एका मावशीबद्दल वाद झाला. घरचे म्हणत होते की ताप आणि दम होता; दाखल्यावर हृदयक्रिया बंद पडल्याचे लिहिले होते. त्यांना मोजायचे की नाही? आणि आमच्या मोबाईलमध्ये काय होते? लॉकडाऊनमध्ये वाटलेल्या किराणा किटचे शेकडो फोटो. किट कोणाला दिले याची यादीही होती. मेलेल्यांची यादी कोणाकडेच नव्हती.

हा लेख त्या लाजेतून लिहीत आहोत.

प्लेगचा कोणता इतिहास आपल्याला शिकवला?

शाळेच्या पुस्तकातला प्लेग आठवून पाहा. पुणे, रँड, गोऱ्या सोजिरांनी घेतलेल्या घरांच्या झडत्या, चापेकर बंधू, २२ जून १८९७ च्या रात्री झाडलेल्या गोळ्या. त्या तारखेच्याच नावाचा मराठी चित्रपट १९७९ साली आला. झडत्यांत लोकांचा अपमान झाला, बायाबापड्यांना त्रास झाला, हे आम्ही नाकारत नाही. पण या सगळ्या कथेत प्लेगचा रोगी कुठे आहे? त्याला पाणी कोणी पाजले, उचलून दवाखान्यात कोणी नेले? ब्राह्मणी इतिहासलेखनाने प्लेगची गोष्ट अधिकाऱ्याच्या खुनाची गोष्ट करून टाकली आणि रोगी तिच्यातून बाहेर गेला.

आता याच काळाचा दुसरा पट मांडून पाहू.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी ब्रिटिश सरकारने साथरोग कायदा केला. त्यानंतर पाचच दिवसांनी, ९ फेब्रुवारीला, नारायण मेघाजी लोखंडे मुंबईत प्लेगने गेले. लोखंडे म्हणजे जोतिरावांचे सत्यशोधक सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभी केली. कामगारांना १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळाली ती त्यांच्या लढ्यामुळे. साथीत गिरणगाव सोडून जाणारे जात होते. लोखंडे रुग्णांसाठी काम करत राहिले आणि त्याच रोगाने गेले.

त्यानंतर महिनाही उलटला नव्हता. पुण्यात सावित्रीमाई आपला दत्तक मुलगा डॉ. यशवंत याच्या मदतीने रुग्णांची शुश्रूषा करत होत्या. हडपसरजवळ ससाणे यांच्या माळावर यशवंतचा दवाखाना होता. मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड यांच्या मुलाला प्लेग झाल्याचे माईंना कळले. त्या स्वतः गेल्या आणि त्या मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या. त्या वेळी त्यांचे वय ६६ होते. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. रँडच्या पथकांनी पुण्यात घरोघर शिरायला सुरुवात केली ती मार्चच्या मध्यास. म्हणजे पाठ्यपुस्तकातला प्लेग सुरू होण्याआधीच आपली माई गेली होती.

यातली एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. प्लेग उंदरावरच्या पिसवांतून पसरतो हे १८९७ मध्ये कोणाला माहीत नव्हते. सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत ते दाखवून दिले. तोपर्यंत लोक रोग्याच्या स्पर्शालाच भीत होते. आणि हा रोगी महारवाड्यातला. ज्याच्या सावलीचाही विटाळ मानला जाई, त्या घरातले तापाने फणफणलेले पोर एका म्हाताऱ्या बाईने पाठीवर घेतले. २०२० मध्ये 'सामाजिक अंतर' हा शब्द दिवसातून शंभर वेळा कानावर पडत होता, तेव्हा आपल्या आजी-आजोबांना त्यात काही नवीन वाटले नाही. असे अंतर त्यांनी आयुष्यभर सोसले होते. साथीत शरीरांमध्ये अंतर ठेवणे शास्त्रीय होते, हे मान्य. पण घरकाम करणाऱ्या बाईला सोसायटीच्या फाटकावर अडवायचे आणि कचरा उचलणाऱ्याला मात्र रोज यायला लावायचे, यात शास्त्र किती आणि जुनी सवय किती, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

'रोगाला जात नसते' हे अर्धसत्य आहे

अनेक मित्र म्हणतात, "मरणात तरी जात आणू नका. विषाणू जात बघत नाही." बरोबर आहे, विषाणू बघत नाही. पण एका खोलीत किती माणसे झोपतात, सकाळी कामावर गेले नाही तर चूल पेटते की नाही, डॉक्टर किती लांब आहे, हे या देशात बहुतांशी जातीने ठरते. आणि मरण या तीन गोष्टींवरून ठरते.

पुरावा शंभर वर्षांपूर्वीचा आहे. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने हिंदुस्थानात किमान सव्वा कोटी माणसे मेली असे मानले जाते; काही अंदाज याहून बरेच मोठे आहेत. त्या साथीत मुंबई शहरातल्या मृत्यूंची समाजवार नोंद झाली. दर हजारी मृत्यू असे : युरोपीय ८.३, पारशी ९, मुसलमान १९.२, 'इतर हिंदू' १८.९ आणि 'खालच्या जातीचे हिंदू' ६१.६. हे आकडे पुन्हा वाचा. एकच शहर, एकच वर्ष, एकच रोग. तरी आपली माणसे इतर हिंदूंच्या तिपटीहून जास्त आणि युरोपीयांच्या सातपट मेली.

हे आकडे इंग्रजांनी आपल्या प्रेमापोटी मोजले नाहीत. त्यांना राज्य करायचे होते म्हणून त्यांनी मोजले. पण मोजले म्हणून आज आपण पुराव्यानिशी बोलू शकतो. त्याच १९१८ च्या नोव्हेंबरात बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक म्हणून रुजू झाले. ते राहत होते परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत. तो ट्रस्टच मुळी प्लेगनंतर, १८९८ मध्ये, शहराची दाटी कमी करण्यासाठी स्थापन झाला होता. साथ आणि वस्ती यांचे हे नाते बाबासाहेबांनी पुस्तकातून शोधले नव्हते. ते त्या चाळीत जगत होते.

आता २०२० कडे या. मार्च महिन्यात महाराष्ट्रात तोच १८९७ चा साथरोग कायदा लागू झाला. कायदा १२३ वर्षे टिकला, पण मोजणीची सवय टिकली नाही. कोरोनात कोणत्या समाजाचे किती लोक गेले याचे अधिकृत आकडे देशासमोर आले नाहीत. एकूण मृत्यूंबद्दलही एकमत नाही. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत भारतात सुमारे ४७ लाख जादा मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. सरकारी नोंद त्या काळासाठी सुमारे ४ लाख ८० हजार होती आणि सरकारने हा अंदाज फेटाळला. या दोन आकड्यांच्या मधल्या दरीत कोण आहे? ज्यांची चाचणी झाली नाही ते, जे घरीच गेले ते, ज्यांच्या दाखल्यावर 'हृदयक्रिया बंद' एवढेच लिहिले गेले ते. म्हणजे आमच्या मावशीसारखे.

करमाडचे सोळा

आपल्याच जिल्ह्यातले एक उदाहरण. ७ मे २०२० ला बुद्धपौर्णिमा होती. आपण घराघरांत दिवे लावले, वंदना घेतली. त्याच संध्याकाळी मध्य प्रदेशातल्या शहडोल आणि उमरिया जिल्ह्यांचे वीस मजूर जालन्याहून पायी निघाले. त्यात बहुतेक गोंड आदिवासी होते. भुसावळला गावाकडची गाडी मिळेल या आशेने ते रुळाच्या कडेने पौर्णिमेच्या उजेडात चालत होते. थकून करमाडजवळ रुळांवरच झोपले. गाड्या बंद आहेत असा त्यांचा समज होता. ८ मेच्या पहाटे मालगाडी आली आणि १६ जण गेले. रुळांवर विखुरलेल्या भाकरींचे ते फोटो आपण सगळ्यांनी पाहिले.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लोकसभेत प्रश्न आला : लॉकडाऊनमध्ये घरी परतताना किती स्थलांतरित मजूर मेले? केंद्र सरकारचे उत्तर होते की अशी आकडेवारी ठेवलेली नाही. आणि आकडेवारी नाही म्हणून भरपाईचा प्रश्नच उद्भवत नाही. नोंद नसली की हक्कही नसतो, हे तत्त्व इतक्या उघडपणे संसदेत क्वचितच सांगितले गेले असेल.

आमची चूक

सरकारला दोष देणे सोपे आहे आणि तो दिलाच पाहिजे. पण आम्ही काय केले?

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर कोरोनाने गेलेल्यांच्या वारसांना ५० हजार रुपये देण्याचे ठरले. ४ ऑक्टोबर २०२१ च्या आदेशात न्यायालयाने हेही सांगितले की मृत्यूच्या दाखल्यावर कोरोना लिहिलेले नाही, एवढ्याच कारणावरून अर्ज नाकारता येणार नाही. तरीही चाचणीचा किंवा उपचाराचा काही कागद लागत होता. तक्रारीसाठी जिल्हा पातळीवर समिती होती. पुढे मार्च २०२२ मध्ये न्यायालयाने जुन्या मृत्यूंच्या अर्जांसाठी ६० दिवसांची मुदत घातली.

मावशींचा मुलगा आमच्याकडे आला होता. दाखल्यावर रोगाचे नाव नाही म्हणून एका कार्यालयातून त्याला परत पाठवले होते. वर सांगितलेला आदेश तेव्हा आम्हाला माहीत नव्हता. आम्ही त्याला "बघू" म्हणालो. छातीचा फोटो काढल्याचा कागद आहे का, औषधांच्या चिठ्ठ्या आहेत का, हे विचारलेसुद्धा नाही. पुढे मुदत गेली. किट वाटताना आम्ही त्याच घरासमोर फोटो काढला होता. हे लिहिताना बरे वाटत नाही, पण चळवळीत खोटेपणा नको म्हणून लिहीत आहोत.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. एक भिक्खू आजारी होऊन स्वतःच्याच घाणीत पडला होता. बाकीचे भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले आणि दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून अंथरुणावर ठेवले. मग संघाला विचारले की तुम्ही एकमेकांची सेवा केली नाही, तर कोण करणार? रुग्णाची सेवा ही माझीच सेवा समजा, असे ते म्हणाले. तथागतांनी तिथे प्रवचनाआधी पाण्याचे भांडे हातात घेतले. माईंनी मुंढव्याला तेच केले. आम्ही मात्र प्रवचनात पुढे आणि पाण्याच्या भांड्याला मागे राहिलो.

मग करायचे काय?

आम्ही एक वही सुरू केली आहे. एका माणसाला एक पान. नाव, वय, काम, ताप कधी आला, कुठे नेले, चाचणी झाली का, दाखल्यावर काय लिहिले, अंत्यविधी कोणी केला, घरच्यांना काय मिळाले, मुलांची शाळा सुटली का. दोन माणसांनी सांगितल्याशिवाय पान पक्के करायचे नाही, आणि घरच्यांनी 'नको' म्हटले तर नाव लिहायचे नाही. शंका असेल तिथे 'शंका आहे' असेच लिहायचे. आकडा फुगवायचा नाही. ६१.६ हा आकडा शंभर वर्षांनी आपल्या कामी येतो, तो नोंदीतला आहे म्हणूनच. खोटी नोंद पुढच्या पिढीच्या हातातले हत्यार बोथट करील.

आतापर्यंत १४ पाने झाली आहेत. टपरीवर आम्ही सात ते अकरा म्हणत होतो. भाजीवाले काका आता एकाच पानावर आहेत. मावशींचे पान त्यांच्या मुलाने स्वतः लिहिले. 'मृत्यूचे कारण' या रकान्यात त्याने आधी दाखल्यावरचे कारण लिहिले आणि खाली लिहिले, 'नऊ दिवस ताप, शेवटचे दोन दिवस दम, चाचणी झाली नाही.'

प्रत्येक वस्तीतल्या कार्यकर्त्यांना आमची विनंती आहे की अशी वही सुरू करा. पाच-सहा वर्षे झाली आहेत. माणसे विसरायला लागली आहेत, घरे बदलली आहेत, कागद उंदरांनी खाल्ले आहेत. उशीर झाला आहे, पण अजून सांगणारे जिवंत आहेत. पांडुरंग गायकवाडांचे नाव कोणीतरी लिहून ठेवले, म्हणून माईंच्या पाठीवरचे ते पोर कोणाचे होते, हे आज आपण सांगू शकतो.

येत्या १० मार्चला औरंगपुऱ्यात माईंना हार घालून झाला की भाषणाच्या आधी ही पाने वाचायची, असे आम्ही ठरवले आहे. ज्यांच्या घरच्यांनी परवानगी दिली, तेवढीच. तुमच्या वस्तीची वही घेऊन तुम्हीही या.

जयभीम! जय सावित्री! नमो बुद्धाय!