निळा गेला, पण बरोबर वेळेला गेला का?

बारावीच्या प्रॅक्टिकलला ब्युरेटचा नॉब धरून स्टार्चचा निळा रंग जायची वाट बघितली असेल, तर आजची गोष्ट तुमची आहे.

१८८८ साली बुडापेस्टच्या लायोश विंकलरने पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायची पद्धत दिली. पाण्याच्या बाटलीत मँगनीजचा क्षार, अल्कली आणि आयोडाइड घालायचं. ऑक्सिजन मँगनीजला चिकटतो आणि तपकिरी साका खाली बसतो. मग ॲसिड टाकलं की ऑक्सिजनच्या प्रमाणात आयोडिन सुटतं. ते थायोसल्फेटने टायट्रेट करायचं. झालं!

झालं कसलं? आयोडिन उडून जातं. बाटलीतून फ्लास्कमध्ये ओततानाच थोडं हवेत गेलं, की ऑक्सिजन कमी दिसतो. उलट ॲसिडमधल्या उरलेल्या आयोडाइडला हवा आणि उजेड लागला, की फुकटचं आयोडिन तयार होतं आणि ऑक्सिजन जास्त दिसतो. स्टार्च लवकर घातला तर तो आयोडिनला घट्ट धरून बसतो, मग शेवटचा थेंब ओळखणं अवघड. आणि आपण टाकलेल्या रसायनांत विरघळलेला ऑक्सिजन असतोच, तो वेगळा.

यातली सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे पहिल्या दोन चुका विरुद्ध दिशेच्या आहेत. दोन बग एकमेकांना झाकतात आणि टेस्ट पास होते, अगदी तसंच. १९६६ साली कॅरिट आणि कारपेंटर यांनी तेव्हा वापरात असलेल्या विंकलरच्या सुधारित आवृत्त्या तपासून हेच उकरून काढलं. कारपेंटरचा उपाय मला फार आवडतो: ओतूच नका, आख्खी बाटलीच टायट्रेट करा. शिवाय आयोडाइड भरपूर ठेवा, म्हणजे आयोडिन त्याच्याशी बांधलेलं राहतं आणि कमी उडतं.

एवढा कीस कशाला? तर आपल्या अरबी समुद्रासाठी. तिथे काहीशे मीटर खोलीवर ऑक्सिजन जवळजवळ शून्य आहे. तो खरंच संपला असेल तर जिवाणू नायट्रेटवर जगतात आणि नायट्रोजन वायू होऊन समुद्रातून निघून जातो. म्हणून 'थोडा आहे' आणि 'अजिबात नाही' यातला फरक इथे मोठा. पण चूकही तेवढीच असली तर?

२००९ साली आणखी एक भानगड पुढे आली. समुद्राच्या पाण्यात मुळातच आयोडेट असतं. ॲसिडमध्ये एक आयोडेट तीन आयोडिन सोडतं, म्हणजे दीड ऑक्सिजनचा भास. वजा करून टाकू म्हणाल, तर ऑक्सिजन संपलेल्या थरात आयोडेटचंही बरंचसं आयोडाइड झालेलं असतं. त्यामुळे वरच्या पाण्याचा आकडा खालच्या पाण्यातून वजा करता येत नाही; प्रत्येक खोलीवर आयोडेट वेगळं मोजावं लागतं.