वज्रमुष्टी

मुठीत शिंगाचे किंवा हस्तिदंताचे दातेरी आयुध धरून खेळला जाणारा मल्लयुद्धाचा प्रकार. तो जोपासणारा समाज म्हणजे जेट्टी किंवा ज्येष्ठीमल्ल. त्यांचे मूळस्थान गुजरातेतील मोढेरा, तर कुलदेवता निंबजा (लिंबजा). त्यांच्या डावपेचांचे, आहाराचे व आखाड्याचे नियम ‘मल्लपुराण’ या संस्कृत ग्रंथात आहेत. त्याची आवृत्ती 1964 मध्ये बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने काढली.

   ज्येष्ठीमल्लांची ही विद्या घराण्यात राहिली, तरी तिची परीक्षा राजासमोर, भरल्या सभेत होई.

म्हैसूरच्या वोडेयर राजांनी ही प्रथा दसऱ्याशी जोडून टिकवली. विजयादशमीला राजवाड्याच्या चौकात मुंडण केलेले, शेंडी राखलेले मल्ल समोरासमोर येतात. डोक्यातून पहिले रक्त दिसताच पंच लढत थांबवतात. म्हैसूर, बेंगळुरू, चन्नपट्टण व चामराजनगर येथील घराणी यासाठी मल्ल पाठवतात. टिपू सुलतानाच्या कैदेतील इंग्रजांच्या आठवणींत जेट्टी देहदंड देणारे म्हणूनही दिसतात. ही बाजू लपवणे इतिहासाला धरून होणार नाही.

मराठी वाचकाला जवळचा धागा बडोद्याचा. फ्रेंच प्रवासी लुई रुसले याने 1860 च्या दशकात खंडेराव गायकवाडांच्या दरबारी अशाच हत्यारी कुस्त्या पाहिल्या. त्याचे वर्णन रक्तरंजित आहे. म्हैसूरचा नियम त्या मानाने कितीतरी संयमी वाटतो.