साच्यातून साकारणारा कोड

एकाच प्रणालीचे भाग जाळ्यातील निरनिराळ्या संगणकांवर चालतात, तेव्हा तिला वितरित प्रणाली म्हणतात. जावा भाषेत अशा प्रणालींसाठी सन मायक्रोसिस्टिम्सने १९९८ मध्ये 'एंटरप्राइज जावाबीन्स' हे मानक आणले. त्याच्या २.० आवृत्तीत प्रत्यक्ष काम करणाऱ्या क्लासबरोबरच रिमोट इंटरफेस, होम इंटरफेस आणि एक्सएमएल वर्णनफाइल लिहावी लागे. एक बदल झाला, की तो सर्वत्र करणे भाग पडे. एखादी जागा सुटली, तर सारी प्रणाली अडे.

यावर 'एक्सडॉकलेट' या कोड जनरेटरने तोडगा दिला. मूळ क्लासच्या टिपणीत प्रोग्रामरने विशिष्ट खुणा करायच्या. जनरेटर त्या वाचून साच्यातील मोकळ्या जागा भरतो आणि उरलेल्या फाइली तयार करतो. साचा चुकला, तर चूक प्रत्येक फाइलीत उतरते. मात्र ती एकाच ठिकाणी सुधारता येते. तयार फाइलीत हाताने बदल न करणे, हे त्याचे पथ्य. पुढच्या खेपेस तो बदल पुसला जातो.

२००६ मधील ३.० आवृत्तीत होम इंटरफेसची सक्ती गेली, वर्णनफाइल ऐच्छिक झाली आणि या खुणांची जागा जावाच्याच ॲनोटेशनने घेतली.