मळक्या भाताचा इतिहास

अमेरिकेतील लुइझियाना राज्यात केजन लोक एकाच कढईत भात करतात. कांदा, ढोबळी मिरची व सेलरीबरोबर गाईच्या मांसाचा खिमा परतायचा, तळाला धरलेले पाण्याने सोडवायचे आणि त्यातच तांदूळ शिजवायचा. पूर्वी खिम्याऐवजी कोंबडीचे काळीज वगैरे स्वस्त भाग घालीत. त्याने भात काळपट होई, म्हणून त्याचे नाव ‘डर्टी राइस’, म्हणजे मळका भात.

केजन हे मूळचे कॅनडाच्या किनाऱ्यावरील अकेडियातील फ्रेंच शेतकरी. १७५५ पासून इंग्रजांनी त्यांना घरादारातून हुसकले. त्यांतील काही १७६५ च्या सुमारास लुइझियानात स्थिरावले. पण तांदूळ तेथे आधीच रुजला होता. १७१९ साली आफ्रिकेतून गुलामांना घेऊन आलेल्या जहाजांतून भाताचे बियाणेही आले. चिखलात भात पिकविण्याची विद्या त्या गुलामांच्या हाती होती. दुर्दैव असे, की हुसकलेल्या अकेडियनांपैकीच काही पुढे गुलामांचे मालक झाले. स्वतः सोसलेला अन्याय माणसाला दुसऱ्याचा अन्याय दाखवितोच असे नाही.

पदार्थाला नाव केजनांचे मिळाले. आम्ही कामगार चळवळीतील माणसे मात्र आधी विचारतो : तांदूळ कोणी पिकविला?